विचाराचे जाळे आणि लेखनाची ओळ : तंजावरच्या मराठी लेखनातील क्रमाचा प्रश्न

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात, नैर्ऋत्येच्या बाजूस, भिंतीवर एक प्रदीर्घ मराठी लेख कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजींच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणिसांनी रचलेला आणि ‘भोसले वंश चरित्र’ या नावाने ओळखला जाणारा हा मजकूर शके १७२५ मध्ये, म्हणजे डिसेंबर १८०३ मध्ये, सिद्ध झाला. राजराज चोळाने अकराव्या शतकाच्या प्रारंभी पूर्ण केलेल्या आणि तमिळ लेखांनी भरलेल्या या वास्तूत मराठी गद्याने एवढी जागा व्यापावी, याची राजकीय मीमांसा पुष्कळ झाली आहे. लेखाच्या वाङ्मयीन बाजूकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. अनेक दरबारांशी, अनेक भाषांशी आणि परस्परविरोधी दाव्यांशी गुंतलेला एका कुळाचा इतिहास ओळीमागून ओळ अशा रीतीने कसा लिहावयाचा, हा चिटणिसांपुढील प्रश्न होता. सरफोजींच्याच नावावर असलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात तो निराळ्या रूपाने उभा राहिला. पृथ्वीवरील देश एकाच वेळी अस्तित्वात असतात. ते एकामागून एक कोणत्या न्यायाने सांगावयाचे? एकाच दरबाराने या अडचणीला दिलेली ही दोन उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

अडचण लेखनाच्या स्वभावातच आहे. विचार मनात येतो तो पुष्कळदा जाळ्यासारखा: एका गोष्टीचा धागा दुसरीला, दुसरीचा तिसरीला आणि तिसरीचा पुन्हा पहिलीला लागलेला. वाक्य मात्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. लेसिंगने १७६६ मधील ‘लाओकोऑन’ या निबंधात चित्र आणि काव्य यांची क्षेत्रे याच आधारावर वेगळी केली. चित्र एकत्र नांदणाऱ्या वस्तू दाखवते, काव्य एकामागून एक घडणाऱ्या कृती सांगते. होमरने अकिलीसच्या ढालीचे वर्णन केले ते तयार ढाल समोर ठेवून नव्हे, तर ती घडवली जात असताना, हे त्याचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. सहअस्तित्वाचे क्रमात रूपांतर करावयाचे तर त्या वस्तूंमधून जाणारी एखादी कृती शोधावी लागते, असा त्याचा इत्यर्थ आहे.

हा प्रश्न मराठी लेखनाच्या आरंभकाळातही अनोळखी नव्हता. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी ‘लीळाचरित्रा’त गोळा केल्या तेव्हा प्रत्येक वचनाभोवती त्याचा प्रसंग होता: कोण आले, काय विचारले, स्वामी कोठे बसले होते. पुढे केसोबासांनी त्यांतील वचने निवडून ‘सूत्रपाठ’ रचला. तत्त्वज्ञान सुटसुटीत झाले, पण वचन प्रसंगापासून तुटले. मग कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे सांगण्यासाठी ‘प्रकरणवश’ लिहावे लागले. आधी जाळे, मग जाळ्यातून काढलेल्या गाठी, आणि शेवटी त्या गाठी पुन्हा जाळ्यात कोठे बसत होत्या याची नोंद, असा हा प्रवास आहे. सूत्रबद्धतेची किंमत काय असते हे महानुभाव पंडितांनी ओळखले होते. त्याच पंथातील ‘स्थानपोथी’ चक्रधरांच्या वास्तव्याची स्थळे नोंदवते. तेथे भूगोलाला क्रम मिळतो तो स्वामींच्या भ्रमणातून. चालणाऱ्या माणसाच्या पावलांनी स्थळांना क्रम देण्याची ही युक्ती तंजावरात पुन्हा भेटते.

सरफोजींच्या बाबतीत या प्रश्नाला वैयक्तिक धार होती. त्यांचा जन्म १७७७ चा. १७८७ मध्ये मरणापूर्वी तुळजाजींनी त्यांना दत्तक घेतले आणि त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचे काम श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यावर सोपवले. परंतु पंडितांच्या अभिप्रायाच्या आधारे दत्तविधान अशास्त्र ठरवण्यात आले आणि तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह गादीवर बसले. १७९३ मध्ये मुलाला सुरक्षिततेसाठी मद्रासेस नेण्यात आले. तेथे गेरिके या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. दत्तकाचा प्रश्न पुन्हा तपासला गेला, आधीचा निर्णय फिरला आणि १७९८ मध्ये सरफोजी राजे झाले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला; राजाकडे किल्ला व त्याचा परिसर, ठरावीक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. राज्य मिळाले आणि गेले यांत जेमतेम सव्वा वर्षाचे अंतर आहे. भिंतीवरचा लेख त्यानंतर चार वर्षांनी कोरला गेला. ज्या राजाच्या हाती सांगण्यासारखा प्रदेश उरला नव्हता त्याने स्वतःचे कूळ दगडावर लिहवले आणि सगळे जग नाटकात आणले, हा योगायोग मानणे कठीण आहे.

चिटणीस ज्या लेखनसंस्कृतीत वाढलेले असत तिला गुंतागुंत सांभाळण्याची स्वतःची साधने होती. मोडीतील दप्तर हे पुस्तकासारखे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावयाचे नसते. कागदाला कागद जोडून लांब बंद तयार होत. समासात शेरा येई, मागाहून कळलेली हकीकत पुरवणीने जोडली जाई, आणि एका प्रकरणाचे कागद एका रुमालात बांधले जात. पोथीत चूक झाली तर तीवर हरताळ लावून नवे अक्षर लिहिता येई. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला आहे. कारकुनाच्या डोक्यातील संबंध रुमाल, समास, पुरवणी यांच्या रचनेत उतरलेले असत. तंजावरच्या मोडी कागदपत्रांचा जो मोठा साठा आज उपलब्ध आहे, त्यातून राजवाड्याचे दैनंदिन जीवन एवढे जिवंतपणे हाती येते याचे एक कारण हेच. कोणीही त्याला एका कथेत बसवण्याचा प्रयत्न केलेला नाही.

दगडावर यांपैकी काहीच चालत नाही. भिंतीला समास नाही, पुरवणी लावता येत नाही, हरताळ तर नाहीच. म्हणून कागदावर विखुरलेले जे काही होते त्याला आधी एक क्रम द्यावा लागला. चिटणिसांनी निवडलेला क्रम वंशाचा. पित्यामागून पुत्र, राजामागून राजा असे कथन मूळ पुरुषांपासून शहाजी, व्यंकोजी, दुसरे शहाजी, तुळजाजी असे टप्पे घेत आश्रयदात्या राजापर्यंत येते. बखरकारांच्या सवयीचा हा मार्ग होता. एकाच वेळी दोन ठिकाणी काय घडत होते हे सांगावयाचे झाल्यास बखर ‘इकडे’ आणि ‘तिकडे’ या दोन शब्दांवर भिस्त ठेवते. सातारा आणि तंजावर, विजापूर आणि जिंजी, अर्काट आणि मद्रास अशी जोड्यांची संख्या वाढली की ते शब्द अपुरे पडू लागतात. या लेखातील कालनिर्देशांविषयी इतिहासकारांनी वेळोवेळी शंका घेतल्या आहेत, आणि त्या रास्त आहेत. पण त्यांतील सर्व दोष माहितीच्या उणिवेचा आहे असे समजण्याचे कारण नाही. समांतर घटना एका ओळीत बसवताना कोणती आधी, कोणती नंतर हे ठरवावे लागते, आणि ते ठरवताना कालगणनेवर ताण येतोच.

तुळजाजींच्या कारकिर्दीतील एक प्रकरण या मर्यादेची कसोटी म्हणून घेता येते. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबासाठी कंपनीच्या फौजेने तंजावर घेतले आणि राजा कैद झाला. नबाब महंमद अली कर्जबाजारी होता आणि त्याचे सावकार बहुतांशी कंपनीचेच नोकर होते. तंजावरचा महसूल हाती आला तर कर्ज फिटेल, असा त्यांचा हिशेब होता. लंडनमधील संचालकांना मात्र हे पसंत पडले नाही; त्यांनी राजाला पुन्हा गादीवर बसवण्याचा आदेश देऊन पिगटला मद्रासचा गव्हर्नर म्हणून पाठवले. एप्रिल १७७६ मध्ये तुळजाजींची पुनःस्थापना झाली. तेव्हा पॉल बेनफील्ड नावाच्या कंपनीच्या एका नोकराने तंजावरच्या महसुलावर आणि शेतात उभ्या असलेल्या पिकांवर आपला हक्क सांगितला. त्या वादातून ऑगस्टमध्ये मद्रासच्या कौन्सिलातील बहुमतवाल्यांनी स्वतःच्या गव्हर्नरलाच अटक केली आणि पुढच्या वर्षी पिगट कैदेतच मरण पावला. नबाबाच्या कर्जांचा विषय लंडनच्या पार्लमेंटात गेला. १७८५ मधील बर्कचे भाषण त्यावरचेच.

या प्रकरणात कारण कोठे आहे? कावेरीच्या खोऱ्यातील भातपिकात, मद्रासच्या सावकारी रोख्यांत, अर्काटच्या दरबारी खर्चात की लंडनच्या संचालक मंडळातील गटबाजीत? ते सर्व ठिकाणी आहे, आणि एका ठिकाणचे दुसऱ्यावाचून कळत नाही. वंशकथेच्या साच्यात याला देण्यासारखी जागा एकच: तुळजाजींच्या कारकिर्दीतील संकट आणि त्यातून सुटका. साचा खोटे बोलत नाही. पण त्याला ‘म्हणून’ हा शब्द जन्म, मृत्यू, दत्तक आणि वारसा यांच्यापुरताच वापरता येतो. कर्जाच्या व्याजाने एक राज्य बुडू शकते हे म्हणण्याची सोय त्यात नाही. बर्कचे भाषण याच्या उलट टोकाला जाते. ते सगळे धागे एकदम हाती धरू पाहते आणि त्यामुळे इतके लांबते व फाटे फोडते की आजच्या वाचकाची दमछाक व्हावी. गुंतागुंत प्रामाणिकपणे सांगण्याची शिक्षा वाचकाला भोगावी लागते, ही तक्रार तेव्हाही नवी नसावी.

शिवाय सरफोजींना सरळ ओळ हवी होती, हे विसरता येत नाही. ज्याचा वारसा एकदा अमान्य होऊन मग मान्य झाला, त्याच्या दृष्टीने वंशाच्या रेषेतील गाठ हीच सर्वांत नाजूक जागा. जाळे म्हणून लिहिले असते तर अमरसिंहांचा दावा, पंडितांचे दोन परस्परविरोधी अभिप्राय आणि कंपनीचा हितसंबंध हे सर्व उघड्यावर आले असते. रेषा म्हणून लिहिले की तेच सारे मधला काळ होऊन जाते. क्रमाची निवड ही येथे केवळ सोय राहत नाही. तो एक युक्तिवाद होतो.

तंजावरच्या रंगभूमीने मात्र एका शतकापूर्वीच ओळीवाचून चालवून पाहिले होते. शहाजीराजांच्या (राज्यकाल १६८४–१७१२) ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाच भाषा एका रंगमंचावर येतात. निरनिराळ्या प्रदेशांच्या नायिका आपापल्या भाषेत बोलतात. येथे एका भाषेतले दुसरीत सांगण्याचा खटाटोप नाही. दरबारात ज्या भाषा शेजारी शेजारी बोलल्या जात, त्या तशाच शेजारी ठेवल्या आहेत. प्रेक्षकाला सगळे शब्द कळले नाहीत तरी प्रसंग कळतो. जाळ्याची जबाबदारी येथे लेखणीवरून काढून रंगमंचावर टाकली गेली आहे, आणि हे शहाणपण तुलनाकारांनी अद्याप पुरेसे जोखलेले नाही.

‘देवेंद्र कुरवंजी’ याच रंगपरंपरेतून निघते. कुरवंजी हा मुळात तमिळ नाट्यप्रकार. नायिका मिरवणुकीत निघालेल्या देवाला किंवा राजाला पाहते, त्याच्यावर अनुरक्त होते, विरहाने झुरते. तेवढ्यात कुरव जमातीची भविष्य सांगणारी स्त्री टोपली घेऊन येते. सख्या तिला विचारतात, तू कोठली? ती आपला डोंगर, तेथील पाऊस, मध, वानरे, आपण हिंडलेले देश यांचे वर्णन करते आणि मग नायिकेचा हात पाहून भविष्य सांगते. त्रिकूटराजप्प कविरायर यांची अठराव्या शतकातील ‘तिरुक्कुट्राल कुरवंजी’ हा या प्रकाराचा मानदंड समजला जातो. खुद्द सरफोजींवर शिवक्कोळुंदु देशिकरांनी तमिळमध्ये ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ रचली आणि ती बृहदीश्वराच्या मंदिरात होत असे. ज्या प्राकारात वंशाची ओळ कोरली आहे, तेथेच.

मराठी ‘देवेंद्र कुरवंजी’त नायिका इंद्राणी आहे, आणि भविष्य सांगणारी स्त्री तिला जे देश सांगते ते डोंगराभोवतीचे चार गाव नव्हेत, युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका अशी सारी पृथ्वी आहे. खंडे, देश, शहरे, नद्या पदांतून येतात. जुन्या साच्यातील एकच जागा रुंद केली आहे. ‘तू कोठे कोठे हिंडलीस’ या प्रश्नाचे उत्तर लांबवून त्यात मद्रासेत शिकलेला नवा भूगोल भरला आहे. लेसिंगच्या भाषेत बोलावयाचे तर नकाशा ही तयार ढाल आहे आणि कुरवंजीची पावले ही तिला घडवणारी कृती. कालिदासाने रामगिरीपासून अलकेपर्यंतचा भूभाग मेघाच्या वाटेने सांगितला, त्याच कुळातील ही युक्ती. मात्र कुरवंजी ही यक्षाची दूत नव्हे. ती पायी चालणारी, पोटासाठी हिंडणारी बाई आहे, आणि म्हणून तिच्या तोंडी दूरदेशीची नावे विद्वत्तेचे ओझे न होता शोभतात. सर्वांत नवे ज्ञान दरबारातील सर्वांत खालच्या पायरीवरच्या पात्राला देण्यात जी गंमत आहे, ती प्रेक्षकांच्या ध्यानात आली नसेल असे मानवत नाही.

शिकवण्याचा हेतू उघड आहे. सरफोजींच्या छापखान्यातून १८०६ मध्ये इसापच्या कथांचे मराठी रूप ‘बालबोध मुक्तावली’ बाहेर पडले. मराठी मुद्रणाच्या अगदी पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. विद्यार्थ्याच्या हाती नवे ज्ञान ओळखीच्या साच्यातून द्यावे, ही दृष्टी दोहींत समान आहे. नकाशे या दरबाराला परके नव्हते. सरस्वती महालाच्या संग्रहात युरोपीय नकाशेही आहेत. तरीही पद रचले गेले, कारण नकाशा पाहणाऱ्याला नावे दिसतात, पण गाणाऱ्याला ती पाठ होतात.

या रीतीतही काही गमावले जाते. चालण्याच्या क्रमात प्रत्येक देश मागच्याच्या पुढे येतो, एवढाच त्यांचा संबंध. कोणत्या देशाने कोणाला जिंकले, कोणत्या बंदरातील माल कोठे विकला जातो, कोणाच्या कर्जासाठी कोणाचे भात कापले जाते, हे विचारण्याची जागा यात्रेच्या साच्यात नाही. वंशकथेला ‘म्हणून’ फक्त वारशापुरता माहीत आहे. यात्रागीताला फक्त ‘मग’ माहीत आहे. बेनफील्डचे प्रकरण दोन्ही साच्यांच्या फटीतून निसटते. त्यासाठी मराठी गद्याला निराळ्या वाक्याची गरज होती आणि ते घडायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

तंजावरला हे वाक्य मिळाले नाही, पण एक तिसरी रीत तेथे रुजली. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी पुरुषवारसावाचून वारले आणि राज्य नावापुरतेही उरले नाही. त्यानंतरच्या काळात मराठी कीर्तनाच्या वळणावर तमिळ हरिकथा उभी राहिली आणि तंजावर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) तिचे प्रमुख घडवणारे ठरले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी छंद तमिळ हरिकथेत तेव्हापासून आहेत. कीर्तनकार आडवाटेला जातो, दृष्टांत देतो, दृष्टांतात दुसरी कथा सांगतो. श्रोत्याला वाट चुकल्यासारखे वाटू लागले की मूळ पदाचा चरण पुन्हा उचलतो. ध्रुवपद ही जाळ्याच्या मध्यावरची गाठ आहे. किती दूर गेलो हे विसरले तरी चालते, कारण परतण्याची जागा ठरलेली असते. छापील पानावर ही सोय उतरत नाही. कीर्तनांची मुद्रित आख्याने वाचताना जो रूक्षपणा जाणवतो तो त्यामुळे.

छापील पानाने हा प्रश्न किती गंभीरपणे घ्यावा याचा मराठीतील नमुना श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’त मिळतो. ज्ञानकोश म्हणजे वर्णानुक्रम, आणि वर्णानुक्रम म्हणजे संबंधांची पूर्ण ताटातूट: शेजारी येणाऱ्या दोन नोंदींत पहिल्या अक्षराखेरीज काहीही समान नसते. दिदेरोने ‘आंसिक्लोपेदी’त (१७५१ पासून) उलटसुलट निर्देशांनी ही ताटातूट भरून काढण्याचा प्रयत्न केला. केतकरांचा उपाय जास्त हट्टी होता. १९२० च्या दशकात पूर्ण झालेल्या २३ खंडांपैकी पहिले पाच त्यांनी वर्णानुक्रमाला शिवूही दिले नाहीत. ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’, ‘विज्ञानेतिहास’ हे प्रस्तावनाखंड आधी आले, आणि मग अक्षरे सुरू झाली. आधी जग संबंधांत सांगावे, मग तुकड्यांत. शेवटी सूचीने तुकडे पुन्हा बांधावेत. सूत्रपाठाच्या मागून प्रकरणवश लिहिणाऱ्यांनी जे उलट्या क्रमाने केले तेच हे. ‘अ’पासून सुरू न होणारा कोश वर्गणीदाराला विचित्र वाटावा, हे साहजिकच होते.

भिंतीवरच्या लेखाचे आणि नाटकाचे पुढील भवितव्य वेगळे झाले. लेख मंदिराच्या रोजच्या वर्दळीत उभा आहे. तो वाचण्यासाठी मराठी जाणणाऱ्याला भिंतीच्या कडेने चालत जावे लागते. ‘देवेंद्र कुरवंजी’ सरस्वती महालाच्या हस्तलिखितांत राहिली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास छापली गेली. तोवर तिच्या पदांतील भूगोल शंभराहून अधिक वर्षे जुना झालेला होता आणि शाळेत कोणी तो शिकवणार नव्हते. नाट्यप्रकाराच्या नियमाने तिची रचना मात्र शाबूत आहे. सारी पृथ्वी सांगून झाल्यावर कुरवंजीला टोपली खाली ठेवून समोरच्या स्त्रीचा हात हाती घ्यावा लागतो, कारण इंद्राणीने तिला जग कसे आहे हे विचारलेलेच नसते; तो कधी येईल, एवढेच तिला हवे असते.